बालमंदिर ते अंगणवाडी: चार शब्दांचा इतिहास

या मालिकेत आपण आजवर किल्ल्यांबद्दल बोललो, मोहिमांबद्दल बोललो, तहांबद्दल बोललो. आजचा विषय पाहून काहींना वाटेल, कर्नलसाहेब वाट चुकले. आज मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलणार आहे, आणि त्या शाळेत गाणं, चित्र, माती आणि गोष्ट कशी शिरली त्याबद्दल.

कारण सांगतो. माझ्या नोकरीतला मोठा काळ जवानांना शिकवण्यात गेला. अठरा-एकोणीस वर्षांचा रंगरूट समोर येतो, तेव्हा त्याचं शरीर तयार करणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते त्याच्या आत बसलेली एक भीती काढणं. प्रश्न विचारला की तो नकाशाकडे बघत नाही, उस्तादाच्या चेहऱ्याकडे बघतो. बरोबर काय आहे यापेक्षा साहेबांना काय हवं आहे, हे त्याला शोधायचं असतं. मुलगा सातारचा असो, रोहतकचा असो की मदुराईचा, ही सवय सगळीकडे सारखी. ती त्याला फौजेत लागलेली नसते, तो ती घरून आणि शाळेतून बरोबर घेऊन येतो. तिचा माग काढत गेलं की आपण शाळेच्या पहिल्या दिवसापाशी येऊन पोचतो.

आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वी काही माणसांनी नेमका हा पहिला दिवसच बदलायचं ठरवलं. त्यांचा इतिहास मी चार शब्दांतून सांगणार आहे: बालमंदिर, शिशुविहार, बालवाडी, अंगणवाडी. चारही शब्द आपण रोज ऐकतो आणि एकाच अर्थाने वापरतो. पण प्रत्येक शब्दामागे एक जागा आहे, एक माणूस आहे आणि एक वेगळा प्रश्न आहे.

पहिला शब्द, बालमंदिर

त्याआधी शाळा कशी होती ते आठवा. पंतोजींची शाळा. धुळपाटीवर अक्षर गिरवायचं, पाढे एका सुरात म्हणायचे. म्हणजे सूर तिथेही होता, पण तो घोकण्यासाठी. चुकलं की छडी. इंग्रजी अमदानीत शाळेला इमारत आली, बाकं आली, तपासनीस आला. छडी होती तिथेच राहिली.

युरोपात मात्र लहान मुलाकडे बघण्याची दृष्टी बदलत होती. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. गाणी आणि बोटांचे खेळ त्यांनी शिक्षणाचा भाग मानले. पुढे १९०७ मध्ये मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ सुरू केलं. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकतं, मोठ्यांनी साधन पुढे ठेवावं आणि बाजूला व्हावं, हा त्यांचा मुद्दा.

हा विचार वाचून गुजरातमधला एक वकील झपाटून गेला. गिजुभाई बधेका. जन्म १८८५, सौराष्ट्रातला. काही काळ पूर्व आफ्रिकेत राहून आलेले, वकिलीत स्थिरावलेले. घरात मुलगा जन्मला आणि त्याला कसं वाढवायचं या विचाराने त्यांनी माँटेसरीबाईंची पुस्तकं हाती घेतली. १९१६ मध्ये ते भावनगरला नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. मारझोड नाही, बक्षिसांचं आमिष नाही. चांगल्या मिशा राखणाऱ्या या माणसाला लोक ‘मूछाळी मा’ म्हणू लागले, म्हणजे मिशीवाली आई.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. माँटेसरीबाई लहान वयातल्या परीकथांबाबत साशंक होत्या. मुलाने आधी खरं जग हाताळावं, कल्पनेचे खेळ नंतर, असा त्यांचा आग्रह होता. गिजुभाईंनी त्यांच्याकडून साधनं घेतली, मुलाबद्दलचा आदर घेतला, पण गोष्ट सोडली नाही. सौराष्ट्राची भूमी लोककथांची, दुह्यांची आणि गरब्याची. तिथल्या मुलापासून गोष्ट आणि गाणं काढून घेणं म्हणजे त्याला घराबाहेर काढण्यासारखं होतं. गिजुभाईंनी लोककथा गोळा केल्या, मुलांसाठी सांगितल्या, लिहिल्या.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं त्यांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मराठीतही वाचलं गेलं आहे. त्यातला उत्साही शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि मुलं नुसता गोंधळ घालतात. बेत पार फसतो. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि तोच वर्ग गप्प होतो. ज्याला कुणाला कधी माणसांच्या जमावाला शिस्त लावायची वेळ आली आहे, त्याने हे प्रकरण जरूर वाचावं. शांतता मागून मिळत नाही, लक्ष लागलं की ती आपोआप येते. मोठ्या साहेबांच्या भेटीसाठी मुलांकडून कविता आणि संवाद घोकून घेण्याची पद्धतही गिजुभाईंनी या पुस्तकात उघडी पाडली आहे. मुलाची कला ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू आहे की मुलाची स्वतःची गरज आहे, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

दुसरा शब्द, शिशुविहार

भावनगरचं हे काम मराठीत आणलं ते ताराबाई मोडकांनी. जन्म १८९२, मुंबईतला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. त्या काळातल्या पदवीधर बाई. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य होत्या. पद मोठं, मान मोठा. ते सोडून १९२३ मध्ये त्या गिजुभाईंबरोबर काम करायला भावनगरला गेल्या, एका लहानशा बालमंदिरात. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. जवळपास नऊ वर्षं भावनगरला काढून ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

वडोदरा, सुरत, भावनगर इथून ही मालिका ऐकणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हे मुद्दाम सांगतो. मराठी बालशिक्षणाची मुळं शोधत गेलं तर ती गुजरातच्या मातीत सापडतात. विचार सीमा ओलांडून इकडे आला तो एका मराठी बाईच्या गुजरातमधल्या नऊ वर्षांच्या उमेदवारीमुळे.

पण विचार जसा इकडे येतो, तसं गाणं येत नाही. लाकडी ठोकळा भावनगरलाही ठोकळाच आणि दादरलाही ठोकळाच. गाण्याचं तसं नसतं. त्याचा ठेका त्या भाषेच्या जिभेवर असतो. गरब्याच्या चालीवर भावनगरचं मूल आपोआप टाळी देतं; मराठी मुलाच्या कानात अंगाई, ओवी, भोंडला आणि बडबडगीतं असतात. म्हणून दुसऱ्या भाषेत बालशाळा काढायची म्हणजे गाण्यांचा साठा त्या भाषेतूनच उभा करावा लागतो. त्यासाठी तशी शिक्षिका लागते, जिला स्वतःला गाता येतं, गोष्ट सांगता येते आणि मुलांदेखत जमिनीवर बसायला संकोच वाटत नाही. शिशुविहाराच्या जोडीने ताराबाईंनी शिक्षिका घडवण्यावर एवढा भर का दिला, ते यावरून लक्षात येईल.

खुद्द माँटेसरीबाई भारतात आल्या १९३९ मध्ये, मद्रासच्या अड्यारला. त्याच वर्षी जूनमध्ये गिजुभाई वारले होते. भारतातल्या त्यांच्या सर्वांत निष्ठावंत वाचकाने त्यांना इथे पाहिलंच नाही. पुढल्या वर्षी इटली महायुद्धात उतरला आणि इटालियन नागरिक म्हणून माँटेसरीबाईंचा मुलगा मारिओ याला इंग्रज सरकारने अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं. नगर म्हणजे आम्हा रणगाडेवाल्यांचं माहेर. तिथे मी अनेक महिने राहिलो आहे. मारिओची सुटका झाली ३१ ऑगस्ट १९४० रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये बाई परत गेल्या. तोपर्यंत त्यांच्या हाताखाली भारतातल्या असंख्य शिक्षिका तयार झाल्या होत्या. पण ती शाळा बहुतेक करून शहरातल्या, ऐपतीच्या घरांची राहिली. साधनं महाग होती. गावातल्या मुलाचं काय, हा प्रश्न तसाच होता.

तिसरा शब्द, बालवाडी

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातलं, गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ, वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, नंतर जिद्दीने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, असं त्यांचं आयुष्य. दोघींनी मिळून ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं.

पहिला अनुभव असा की शाळा काढली तरी मुलं येत नाहीत. आईबाप मजुरीला जातात, मोठं भावंड धाकट्याला सांभाळतं. मग या बायकांनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं, मुलांना गोळा करायचं, तोंड-हात धुवायचे, केस विंचरायचे आणि गाणं सुरू करायचं. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले आले, बिया, पानं, खडे, माती आली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, रंग, आकार, मोजणी हे सगळं त्यातून शिकवता येतं. शिंपल्यांची रांग लावली की गणित, त्याच शिंपल्यांची नक्षी मांडली की कला. मुलाला त्या दोन तासिका वेगळ्या असल्याचं कळतसुद्धा नाही.

गाणं इथे करमणुकीसाठी नव्हतं. अनोळखी बाईची भीती घालवायचं ते पहिलं साधन होतं. हे मला माझ्या अनुभवावरून चटकन पटतं. प्रशिक्षण केंद्रात पाच-सात भाषांची पोरं एकत्र येतात तेव्हा हुकमाचे शब्द निम्म्यांना कळत नाहीत. पण ढोलाचा ठोका पहिल्या दिवसापासून सगळ्यांना कळतो. शब्दाच्या आधी ताल पोचतो. फरक इतकाच की आम्हाला त्या तालातून सगळ्यांचं पाऊल एकसारखं करायचं असतं, आणि बालवाडीत प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडायला मोकळीक द्यायची असते. कवायतीचं मैदान अठरा वर्षांनंतर पुष्कळ मिळतं. चौथ्या वर्षी त्याची घाई करू नये.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी ‘विकासवाडी’ झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ झाली: मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षकाने कुरणात जावं.

आता वारली घर डोळ्यांसमोर आणा. कुडाची, शेणामातीने सारवलेली भिंत. लग्नात बायका तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बाहेर तारपा वाजतो आणि त्याच्याभोवती नाचाचा फेर धरतात. या घरातलं मूल शाळेत येतं ते कोरी पाटी म्हणून येत नाही. रेषा आणि ताल घेऊनच येतं. शाळेने फक्त ते पुसू नये, एवढीच अपेक्षा.

याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं आणि मातीत चित्रं काढून ते मनातलं सांगू लागले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकाराने त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि वारली चित्र जगभर गेलं. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये निधन. त्यांचा कोसबाडच्या शाळेशी संबंध जोडायचा माझा हेतू नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की न बोलणाऱ्या मुलाच्या हातात रेषा होती आणि त्या मुलाची रेषा कुणी दुरुस्त केली नाही. तेवढ्यावर एक माणूस तगला.

चौथा शब्द, अंगणवाडी

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि तिच्या केंद्राचं नाव ठरलं अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातली कल्पना आणि तिचं नाव देशभर पोचलं. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या मराठी मुलखात रुजलेला एखादा शब्द बिहारपासून केरळपर्यंत सरकारी कामकाजात वापरला जातो, अशी उदाहरणं फार नाहीत.

शब्द पोचला. त्याच्याबरोबर बाकीचं किती पोचलं? अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर पोषण आहार आहे, वजनं आहेत, लसीकरणाच्या नोंदी आहेत, सर्वेक्षणं आहेत. ही कामं जीव वाचवणारी आहेत, त्यांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. पण त्या धबडग्यात गाण्याला आणि मातीला वेळ उरतो तो तिच्या स्वतःच्या हौसेवर. दुसऱ्या बाजूला, फी भरून जाणाऱ्या मुलांच्या नर्सरीत साधनांची रेलचेल आहे, आणि साडेतीन वर्षांचं मूल घरी गृहपाठ आणतं. छापील चित्रात रंग भरायचा, रेषेच्या बाहेर जायचं नाही, सफरचंद लालच हवं.

एका छावणीतल्या बालवाडीचा वार्षिक दिवस मला आठवतो. चार वर्षांची मुलं फुलपाखरांचे पंख लावून उन्हात प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत उभी होती. मग ध्वनिमुद्रित गाणं लागलं आणि मुलं समोर बसलेल्या बाईंच्या हातांकडे बघत हात हलवू लागली. एकही मूल गात नव्हतं. टाळ्या खूप झाल्या. मी त्या मुलांचे डोळे बघत होतो. रंगरूट उस्तादाच्या चेहऱ्याकडे बघतो, अगदी तसेच होते ते.

फौजेत चांगला कमांडर हाताखालच्या माणसाला काय साधायचं ते सांगतो आणि कसं साधायचं ते त्याच्यावर सोपवतो. ती टेकडी पहाटेपर्यंत आपल्याकडे हवी. वाट तू शोध. लढाईत संपर्क तुटतो, नकाशावरचा पूल प्रत्यक्षात पडलेला असतो. तेव्हा स्वतःच्या डोक्याने वाट काढणारा माणूसच कामाचा. हा गुण व्याख्यान देऊन येत नाही. मातीचा बैल करायचा, त्याचे पाय टिकेनात म्हणून तो बसलेला करायचा, हे ज्याने चौथ्या वर्षी स्वतःचं स्वतः ठरवलं आहे, त्याच्यात तो आधीच रुजलेला असतो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला, ही चांगली गोष्ट आहे. पण भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाड या चारही ठिकाणी काम उभं राहिलं ते धोरणाच्या कागदाने नव्हे. मुलाच्या हातात खडू देऊन आपला हात मागे घेणाऱ्या माणसांनी ते उभं केलं. पैसा त्यांच्याकडे कधीच फारसा नव्हता. हात मागे घेण्याचा संयम मात्र होता.

आता आपल्यापुरतं. ही मालिका इंदूर, बेंगळुरू, हैदराबाद, तंजावर, बेळगाव अशा ठिकाणी ऐकली जाते. तुमच्या घरातलं नातवंड शाळेत एक भाषा ऐकतं, गल्लीत दुसरी, घरात तिसरी. मराठी पुस्तक हातात द्यायची घाई करू नका, ते सावकाश येईल. आधी गाणं द्या. तुमच्या आईने म्हटलेलं, जात्यावरचं, झोपाळ्यावरचं, जे आठवेल ते. आवाज बेसूर असला तरी चालतो, मूल तुमची परीक्षा घेत नाही.

आणि आठवड्यातून एकदा तरी असं करा. फरशीवर बसा. खडू किंवा ओली माती मुलापुढे ठेवा आणि पंधरा मिनिटं काही सांगू नका. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं की मूल आपल्याला हवं असलेलं उत्तर शोधायला लागतं. त्यापेक्षा ‘सांग मला याच्याबद्दल’ म्हणा. घोडा निळा असेल तर निळा असू द्या. पाच पाय असतील तर पाच. एखादा पाय का वाढवला, याचं त्याच्याकडे बहुतेक वेळा कारण असतं आणि ते ऐकण्यासारखं असतं.